पट्टा तुझ्या पाठीवर, पुस्तक माझ्या नावावर

दादा, गुरुवारी तुझ्या मुलानं मला मारलं. तुझ्यासमोरच मारलं, पण तू कुशीवर होतास, तोंड भिंतीकडे, म्हणून तुला दिसलं नाही. दोन खांद्यांच्या मधोमध, मूठ वळून, अंगातलं सगळं बळ लावून मारलं. मी समोरच्या सिंकवर जाऊन आदळलो आणि ओठ फुटला. आवाज ऐकून फ्युनरल होमचा तो सुटातला माणूस धावत आला. "इज एव्हरीथिंग ओके, सर?" मी तोंडावर टॉवेल दाबून म्हटलं, "येस. फॅमिली." तो मान हलवून, दार लोटून निघून गेला.

ओंकारवर रागावू नकोस. तुझ्या मुलाच्या हाताला बळ आहे आणि त्यानं ते योग्य जागी वापरलं.

झालं असं. गुरुजींनी फोनवर सांगितलं होतं, की शेवटची अंघोळ मुलानं आणि भावानं घालावी. वहिनीनं गंगाजलाची कुपी दिली, तुझा जुना पंचा दिला आणि ती बाहेर बसून राहिली. आम्ही दोघं आत. तुझा बनियन कात्रीनं कापावा लागला. तुझा तो बनियन! समुद्रावर गेलं तरी तू बनियन घालूनच पाण्यात शिरायचास, आणि ओंकार लहानपणापासून त्यावरून तुझी चेष्टा करायचा. सव्वीस वर्षांत त्यानं तुझी उघडी पाठ पाहिलेली नव्हती. मी खांदा धरला, त्यानं कंबर धरली, आणि आम्ही तुला कुशीवर वळवलं. पाठ जांभळी पडली होती. त्या जांभळ्यावर डाव्या खांद्याच्या खाली सहा पांढरे ठिपके होते, एका ओळीत, जवळजवळ.

ओंकार थांबला. त्याच्या हातातल्या पंच्याचं पाणी फरशीवर गळत राहिलं. माझ्या पुस्तकाच्या कव्हरवर तेच ठिपके आहेत, काळ्यावर पांढरे, सहा. पुस्तक त्यानं दोनदा वाचलंय. त्यानं एकेका ठिपक्यावर बोट ठेवून मोजलं, मग माझ्याकडे पाहिलं. "टेक ऑफ युवर शर्ट, काका." मी शर्ट काढला. त्रेपन्नाव्या वर्षी त्या गारठ्यात मी पुतण्यापुढे उघडा उभा राहिलो आणि त्यानं सांगायच्या आत स्वतःच वळलो. माझी पाठ स्वच्छ आहे, दादा. तिच्यावर कधी ओरखडासुद्धा उठला नाही. मग त्यानं मारलं.

खरं तर मी स्वतःला लोकांच्या मनाचा डॉक्टर म्हणवतो. कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो, आठवड्यातून तीन दिवस माणसं माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून रडतात. पुस्तक त्यावरच आहे, घरातल्या माराचं पुढे माणसात काय होतं यावर. आणि त्याचं पहिलं प्रकरण म्हणजे मिरजेच्या पिठाच्या गिरणीतला एक सहा वर्षांचा मुलगा. त्याच्या हातून दळणाच्या डब्यात लोखंडी नट पडतो, नुकतीच टाकी लावून आणलेला गिरणीचा दगड फुटतो. बाप गिरणीच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा घेतो. पट्ट्याच्या जोडाला लोखंडी दातेरी क्लिप असते. पाच फटके चुकीचे बसतात, सहावा नेमका क्लिपनं बसतो. मुलाच्या पाठीवर सहा दात उठतात. तो मुलगा म्हणजे मी, असं मी लिहिलं. त्या प्रकरणात मोठा भाऊ नाही. तो त्या दिवशी मामाकडे गेलेला असतो.

तू मामाकडे गेला नव्हतास. तू अकरा वर्षांचा होतास, वजनकाट्याशी उभा होतास, आणि तो पट्टा तुझ्या पाठीवर पडला. पुस्तकातले ते पाचही फटके नेमकेच बसले होते. अप्पांचा नेम कधी चुकायचा नाही. तू पोत्यांवर पडलास, उठायला गेलास, तर त्यांनी लाथ घातली. ज्वारीचं पोतं फाटलं, तू ज्वारीत पालथा आणि ज्वारी तांबडी. दळणाला आलेल्या बायका डबे टाकून बाहेर पळाल्या. मोटर चालूच होती, म्हणून तुझा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. मला तोंड दिसत होतं फक्त, उघडं. मी गिरणीच्या मोठ्या चाळणीच्या मागे होतो. माझी चड्डी ओली झाली होती, एवढीच माझी जखम.

हे चोरलं कधी, तेही सांगतो. मी तुझ्या एडिसन गावातल्या घरी बेसमेंटमध्ये राहून शिकत होतो तेव्हा. वहिनी डबा भरून द्यायची, तू मला स्टेशनवर सोडायचास. वर्गात एक दिवस सगळ्यांना गोल बसवलं आणि प्रत्येकानं आपलं दुखणं सांगायचं ठरलं. कुणाचा बाप दारुडा, कुणाची आई सोडून गेलेली. माझी पाळी आली. माझ्याकडे काही नव्हतं. मला कधी कुणी हात लावला नव्हता, कारण लावायची वेळ आली की मधे तू असायचास. आपल्यापाशी साधी जखमही नसावी याची मला लाज वाटली, हे तुला हसू येईल इतकं खरं आहे. मी तोंड उघडलं आणि तुझी पाठ बाहेर आली. "माझे वडील," मी म्हणालो, "मला गिरणीच्या पट्ट्यानं मारायचे." शिकवणाऱ्या बाईंनी माझा हात धरला. त्या दिवसापासून मी त्या वर्गात कुणीतरी झालो. मागे फिरायचं होतं, पण एकदा रडलेल्या माणसाला 'ते माझं नव्हतं' म्हणता येत नाही. त्याचा निबंध झाला, निबंधाचं पुस्तक झालं.

आमच्या धंद्यात यालाही एक सोयीचं स्पष्टीकरण आहे. भावंडांच्या आठवणी एकमेकांत मिसळतात, लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं पुढे अंगावर झाल्यासारखं वाटू लागतं. विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी शिकवतो. पण माझं काही मिसळलं नव्हतं. मला पक्कं माहीत होतं पाठ कुणाची होती.

आणि तू! तुझा अभिमान बघून मला तुझा गळा दाबावासा वाटायचा. आपल्या घरात भिंतीवरचं कॅलेंडर सोडलं तर छापलेलं काही नव्हतं, आणि आता घरात पुस्तक लिहिणारा झाला, यातच तू पागल झालास. गाडीच्या डिकीत दोन खोकी कायम. मंडळाच्या गणपतीला शाळेच्या जिममध्ये वडापावच्या स्टॉलशेजारी टेबल मांडून उभा राहायचास. "माझ्या धाकट्या भावाचं आहे. इंग्लिशमध्ये आहे. वाचा, तुमची मुलंही वाचतील." नको म्हणणाऱ्याच्या हातात कोंबायचास. ओक ट्री रोडवरच्या भाजीवाल्यापासून तुझ्या डेंटिस्टपर्यंत सगळ्यांकडे ते पुस्तक आहे. लोक तुला म्हणायचे, "काय सोसलंय हो तुमच्या भावानं!" आणि तू म्हणायचास, "हो ना. पण बघा, कुठल्या कुठे पोचला."

तुझ्या स्वतःच्या प्रतीला मात्र तू किराणा दुकानातली खाकी पिशवी कापून कव्हर घातलं होतंस, शाळेत घालायचो तसं, कडा दुमडून. मी त्यावरून तुला हसलो होतो. मला वाटलं, जपतोयस. परवा वहिनी म्हणाली, "नंदूभावजी, त्यांना ते ठिपके बघवत नव्हते."

वाचून झाल्यावर तू एकदाच बोललास. आपण दुकानांच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो, वहिनी मिठाई आणायला गेली होती. तू स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत म्हणालास, "छान लिहिलंयस." मग थोड्या वेळानं, "मी मामाकडे गेलो होतो म्हणे." तू हसलास. "बरं केलंस. मला त्या उन्हाळ्यात जायचंच होतं मामाकडे. अप्पांनी पाठवलं नाही." माझ्या डोक्यात अंगार उठला. मी डॅशबोर्डवर मूठ आपटली, दोनदा, आणि ओरडलो, "शिव्या घाल ना! घाल शिव्या!" तू म्हणालास, "गाडी लीजवर आहे रे." तेवढ्यात वहिनी आली.

त्या गाडीत तू मला फोडून काढलं असतंस तर पुढचं सगळं वाचलं असतं. याचा मला तुझ्यावर राग आहे. मेल्यावरही आहे. असला मोठेपणा मोठ्या भावाला शोभतो म्हणतात. मला तो मारासारखा लागला, आणि मार संपतो तसा तो संपलाही नाही.

कारण खरी वाट तुझ्या मुलाची लागली. ओंकार पंधरा वर्षांचा होता, शाळेत घरच्या कुणातरी माणसाबद्दल काही सादर करायचं होतं आणि त्यानं काकाचं पुस्तक निवडलं. रविवारी दुपारी आपण सगळे तुमच्याकडे जेवायला बसलो होतो. वहिनीनं मटण केलं होतं. तो मोठ्यानं वाचायला लागला, तेच प्रकरण, पट्टा, क्लिप, सहा दात. तू भाकरी मोडत होतास. त्याचं वाचून झालं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तो उठून माझ्या गळ्यात पडला. मग तुझ्याकडे वळून म्हणाला, "यू वर सो लकी, बाबा. यू वर ॲट युवर मामाज." तू ताट सरकवलंस, हात धुतलेस आणि गॅरेजमध्ये गेलास. "देअर ही गोज अगेन," ओंकार म्हणाला. "काकाला एवढं मारलं, तरी तो इतका शांत. बाबाला कशाचा राग येतो एवढा?"

आतून दण् असा आवाज आला. मग दुसरा.

तुझ्या गॅरेजची ती भिंत. या देशातल्या भिंती पोकळ असतात, बुक्की मारली की मूठ आत जाते. मिरजेत मारली असतीस तर बोटं मोडली असती आणि सवय तिथेच सुटली असती. तू माणसावर कधी हात उचलला नाहीस, वहिनीवर नाही, पोरावर नाही. उचलून उचलून भिंतीवर उचललास, आणि मग शनिवारी स्वतःच पुट्टी आणून, घासून, रंग देऊन छिद्रं बुजवलीस. तरी ठिगळांचे चौकोन दिसतात. ओंकार त्या चौकोनांच्या समोर वाढला. त्याच्या लेखी त्याचा बाप म्हणजे काही कारण नसताना चिडणारा माणूस.

त्या दुपारी मी तुझ्या मागे गेलो. तुझी बोटं सोललेली, मनगटापर्यंत रक्त. आणि मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "दादा, यू नीड हेल्प. राग हाताळायला शिकवतात, माझ्या ओळखीचा एक जण आहे." आजही हे वाक्य आठवलं की माझंच थोबाड फोडावंसं वाटतं. तू माझी कॉलर धरलीस आणि मला गाडीवर आपटलंस. आरसा तुटला. तुझं कोपर माझ्या गळ्यावर होतं, मला श्वास घेता येत नव्हता, आणि तू अप्पांसारखा दिसत होतास, हुबेहूब. "सांगू त्याला?" तू म्हणालास. "आत्ता जाऊन शर्ट काढू? सांग, काढू?" मी मान हलवली. नको म्हणून हलवली, दादा. गळ्यावर कोपर असतानाही मी नकोच म्हणालो. तू कोपर काढलंस. माझी कॉलर सारखी केलीस. "जा, जेव जा. मटण गार होतंय." आणि मी गेलो, आणि जेवलो.

हेच ते न संपलेलं भांडण. त्यानंतर अकरा वर्षं आपण फक्त हवामानावर बोललो. वहिनी आता सांगते, की तिनं कितीदा म्हटलं, ओमीला खरं सांगा, पोरगं तुम्हाला पारखं होतंय. तू तिला गप्प केलंस. "सांगितलं तर त्याचा काका खोटा पडेल. त्याला एवढ्याच एका माणसाचं कौतुक आहे घरात." ओंकार नोकरी लागल्यावर जर्सी सिटीला राहायला गेला, अर्ध्या तासावर, आणि दिवाळीशिवाय आला नाही. तू मंगळवारी सकाळी त्याच गॅरेजमध्ये गाडीच्या दारापाशी पडलास. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. असेल.

काल मी ओंकारला शोधत गॅरेजमध्ये गेलो. तो तुझ्या स्टुलावर बसला होता, भिंतीकडे तोंड करून. एक छिद्र बुजवायचं राहिलंय, ताजं आहे. मी म्हटलं, "ओमी, अजून एक गोष्ट आहे." तो मागे न बघता म्हणाला, "आय नो. तू सगळं स्विच केलंस. नट बाबानं टाकला, मार बाबानं खाल्ला, अँड यू टुक इट. आय गॉट इट, काका. प्लीज जा."

इथे मला गप्प बसता आलं असतं. त्याच्या हिशेबात मी चोर होतो, आणि चोर होणं तसं सोपं असतं. जे खरं आहे ते मी सत्तेचाळीस वर्षांत तुलाही तोंडानं सांगितलेलं नाही. तुला माहीत होतं. तुला माहीत आहे हे मला माहीत होतं. बस्स.

"नट मी टाकला," मी म्हटलं. "पुस्तकातलं तेवढं खरं आहे. खेळत होतो, पडला. अप्पांनी मोटरच्या वरच्या आवाजात विचारलं, कुणी? तुझा बाबा काट्याशी होता, त्याचा काही संबंध नव्हता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं."

तो उठला. स्टूल पडलं. "यू पॉइंटेड."

"हो."

"आणि बाबा? ही डिडन्ट से एनिथिंग? ही वॉज इलेव्हन! तो म्हणू शकला असता ना, मी नाही केलं!"

"त्यानं माझ्याकडे बघितलं. मग अप्पांकडे बघून म्हणाला, हो, मी."

"व्हाय?" तो ओरडला. "तू सायकॉलॉजिस्ट आहेस ना? टेल मी व्हाय!"

माझ्याकडे दहा उत्तरं आहेत, दादा. मोठं मूल, धाकटं मूल, मारकुट्या बापाच्या घरात कोण कुणाची आई होतं, सगळं पाठ आहे. त्याचा हात मागे गेला. त्यानं भिंत निवडली होती हे मला दिसलं, तुझ्याच दोन चौकोनांच्या मधली जागा, आणि मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. तिला नको, मला मार, एवढंच सुचलं. मी डोळे मिटले नाहीत. मूठ आली, माझ्या कानाला घासून गेली आणि भिंतीत मनगटापर्यंत घुसली.

त्यानं हात ओढून काढला. भिंतीच्या भुकटीनं तो कोपरापर्यंत पांढरा झाला होता, गिरणीतून घरी यायचास तेव्हा तुझा असायचा तसा. दोघंही त्या हाताकडे बघत राहिलो. माझा कान वाजत होता. तो रडायला लागला, आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. ते तोंड मी आधी पाहिलेलं होतं, चाळणीच्या मागून. या वेळी मी पुढे झालो आणि त्याला धरलं. त्यानं धरू दिलं, थोडा वेळ. मग मला ढकललं.

"शनिवारी," तो म्हणाला. "यू विल से इट. सगळ्यांसमोर. मराठीत सांग, बाबाच्या फ्रेंड्सना नीट कळलं पाहिजे. नाहीतर मी सांगेन, अँड माय मराठी इज बॅड."

इथे तेरावा हॉल मिळेल त्या दिवशी येतो, तुझा शनिवारी आलाय. मंडळाची माणसं येतील, भाजीवाला येईल, डेंटिस्ट येईल. सगळ्यांनी ते पुस्तक तुझ्या हातून घेतलंय. माझं पुस्तक, माझी नोकरी, माझ्यासमोर येऊन रडणारी माणसं, यातलं रविवारी सकाळी किती उरेल मला माहीत नाही. भीती वाटते. सहाव्या वर्षी वाटली होती तेवढीच वाटते, काही फरक नाही. पाठ अजून दुखतेय. वहिनीनं आरशात दाखवलं, निळं पडलंय. पण ते आठ दिवसांत जाईल, दादा. काही राहणार नाही.

मी काही बोलायला उभा राहिलो की तू नेहमी सगळ्यात मागे, दाराशी उभा असायचास आणि शेजारच्याला कोपरानं ढोसून सांगायचास, "माझा भाऊ." शनिवारी त्या दाराकडे बघून मी सुरुवात करीन. आधी शर्ट काढीन, सगळ्यांना पाठ दाखवीन. मग सांगीन, की त्या उन्हाळ्यात मामाकडे कुणीच गेलं नव्हतं.